बिनलेपाचा खांब

डांबरतेलाचा वास नाकाला येण्याआधी जिभेला येई. सकाळी अंगणात उभी राहून मी तोंड उघडले, की वाऱ्यावर त्या दिवशीची चव ठरे. पश्चिमेचा वारा असला तर निंबोळीचे कडू तेल; उत्तरेचा असला तर मोरचुदाची, न कल्हई केलेल्या भांड्यात ताक राहून गेल्यासारखी आंबट चव; आणि वारा पडलेला असला, की सगळ्यांवर पसरून बसलेले ते जड, काळे डांबरतेल, भुसावळहून रेल्वेने लोखंडी पिंपांत भरून आलेले. आमच्या घरच्या भाकरीलाही त्याचा वास लागे. पाहुणे आले की पहिला घास तोंडात घेऊन थांबत, आणि आई शांतपणे म्हणे, "खांबांचा आहे. सवय होते."

नरडाण्याच्या स्टेशनामागे, काळ्या जमिनीच्या एका तुकड्यावर, चाळीस खांब पुरलेले होते. ते काहीही तोलत नव्हते. त्यांच्यावर छप्पर नव्हते, त्यांना तार नव्हती, त्यांच्या आत किंवा बाहेर असे काही नव्हते. सलईच्या लाकडाचे, पुरुषाच्या छातीएवढे उंच, पाच ओळींत आठ-आठ असे ते उभे होते, आणि कोणता आधी सडतो एवढेच पाहायचे होते. माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणत असू, ते सरकारी खात्यात कारकुनाच्या वर आणि अधिकाऱ्याच्या खाली अशा एका अवघड जागी होते, आणि हे पाहणे हे त्यांचे काम होते.

गावाने त्या तुकड्याला 'खांबस्नं वावर' हे नाव पहिल्याच वर्षी देऊन टाकले. बाजाराच्या दिवशी बैलगाड्या थांबवून शेतकरी विचारत, "काय भाऊ, यंदा खांबस्नं पीक कसं शे?" आबा गंभीरपणे उत्तर देत, कारण त्यांना प्रश्न गंभीरच वाटे. पहिल्या पावसाळ्यात दुसऱ्या ओळीतल्या एका नीट न वाळलेल्या खांबाला खरोखरच पाने फुटली, तेव्हा लोक पाहायला आले. आबांनी वहीत लिहिले: 'खांब जिवंत. निर्णय राखून ठेवला आहे.'

आबांचा उजवा कान लहानपणीच्या तापात गेला होता, आणि डावा जणू त्याच्या दुःखाने अर्धा झाला होता. खांबाची परीक्षा दोन प्रकारे होते: बुडाशी दाभण टोचून, आणि लाकडी हातोडीने ठोकून आवाज ऐकून. टोचणे आबांना जमे. ऐकण्यासाठी त्यांना मी हवी होते. म्हणून वयाच्या दहाव्या वर्षी, परकर वर खोचून, मी त्या वावरात काम करू लागले. संध्याकाळी आबा मला वृत्ते शिकवीत, आणि सकाळी मी तीच विद्या खांबांवर चालवी. निरोगी खांब ठोकला की आवाज लांबतो, तळव्यातून कोपरापर्यंत येतो, तो गुरू. आतून पोखरलेला खांब आवाज गिळतो, तो लघू. आठ खांबांची एक ओळ म्हणजे अनुष्टुभाचा एक चरण. मी ठोकत जाई आणि ओरडत जाई, "गुरू, गुरू, लघू, गुरू!" आबा लिहीत जात. वाळवी दरवर्षी त्या चरणांत दुरुस्त्या करी.

प्रत्येक खांबाला काही ना काही लावलेले होते. डांबरतेल, मोरचूद, मीठ, चुना, जवसाचे तेल. काहींची बुडे नुसती जाळलेली. चौथी ओळ मात्र आबांची स्वतःची होती. निंबोळीचे तेल, बिब्ब्याचे तेल आणि चुलीतली राख उकळून त्यांनी एक काळसर लेप तयार केला होता. तो करताना बिबा उतून त्यांचे दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले, आणि आठ दिवस आईने त्यांना घास भरवला. परदेशी तेलाच्या पिंपाला शेतकरी कुठून हात घालणार, असे ते म्हणत. जे प्रत्येक गावाच्या बांधावर पडलेले आहे, तेच लाकूड राखू शकते, हे त्यांना कागदावर सिद्ध करायचे होते. त्यांच्या आयुष्यात तेवढी एकच महत्त्वाकांक्षा होती; दुसरी आल्याचे आम्हाला आठवत नाही.

त्यासाठी पाचव्या ओळीतला शेवटचा, चाळिसावा खांब सडायला हवा होता.

त्याला काहीही लावलेले नव्हते. तपासणीला येणाऱ्या गोऱ्या साहेबाने हा नियम पहिल्याच दिवशी समजावून सांगितला होता. हा बिनलेपाचा खांब याच मातीत, याच पावसात आधी सडला पाहिजे. तो सडला तरच बाकीचे टिकले याला अर्थ. तो उभाच राहिला, तर ही माती सडवते की नाही हेच कुणाला सांगता येणार नाही, आणि अहवाल फाडून टाकावा लागेल. सलईचे बिनलेपाचे लाकूड त्या जमिनीत दोन पावसाळे काढत नाही, हे शेंबडे पोरही जाणत होते. म्हणून असा खांब एकच पुरला. त्याच्याविषयी कुणाला शंका नव्हती.

तीन पावसाळे झाले. साहेबाची तपासणी होती त्या सकाळी मी तो ठोकला. आवाज माझ्या कोपरापर्यंत आला, तिथून खांद्यात गेला.

"लघू?" आबांनी आशेने विचारले.

"गुरू," मी म्हणाले.

त्यांनी दाभण टोचले. दाभण वाकले.

इथे मला माझा गुन्हा सांगितला पाहिजे. पहिल्या वर्षीच्या दिवाळीत, नरकचतुर्दशीच्या पहाटे, माझे अभ्यंग झाले आणि केसांतून तिळाचे तेल मानेवर ओघळत असताना मी वावरात गेले होते. धुके होते. एकोणचाळीस खांब आपापल्या तेलात, लेपात, मिठाच्या पांढऱ्या पापुद्र्यात नटून उभे होते, आणि तो एक, कोपऱ्यातला, कोरडा. सणाच्या दिवशी ज्याला कुणी न्हाऊ घातले नाही अशा पोरक्या माणसासारखा तो मला दिसला. मी घरी जाऊन तेलाची वाटी आणली. त्याला माथ्यापासून बुडापर्यंत तेल चोळले, उरलेले मुळाशी ओतले, उटणे लावले, तांब्याभर कढत पाणी घातले आणि निरांजन घेऊन ओवाळले. सलईचे लाकूड तेल पिताना हलकासा डिंकाचा, धुपासारखा सुगंध देते. तो मला इतका आवडला, की मी पुढे शनिवारी दोन वेळा तसेच केले.

हे सगळे शेजारच्या शेतातली अक्का बांधावरून पाहत होती. अक्का म्हणजे आमच्या बाजूची ज्वारीची मालकीण: उंच, कोरड्या आवाजाची, जिच्याशी वाद घालून कुणी जिंकल्याची नोंद नव्हती. खळ्याच्या मधोमध पुरलेल्या मेढीची पूजा केल्याशिवाय ती मळणीला बैल जुंपत नसे. पुरलेल्या खांबाला तेल लागलेले आणि वात ओवाळलेली दिसली, तेव्हा तिला वेगळे काही विचारण्याची गरजच पडली नाही. पुढच्या शनिवारी तिने शेंदूर आणला. महिन्याभरात तिची दूध चोरणारी म्हैस पान्हावली. त्यानंतर नरडाण्यात आणि आसपास ज्याची म्हैस दूध चोरी, तो पळीभर तेल घेऊन आमच्या वावरात येऊ लागला.

आबांना शेंदूर दिसत होता. पण त्यांच्या मते तो वरचा रंग होता, आणि श्रद्धा लाकडाच्या आत शिरत नाही. शिवाय लोकांना अडवले तर उद्या बाकीचे एकोणचाळीसही जागेवर राहायचे नाहीत. म्हणून त्यांनी वहीत 'पृष्ठभाग लाल' एवढेच लिहिले होते.

आता आबा वाकलेले दाभण हातात धरून काळ्या ढेकळावर बसले. त्यांच्या टोपीची कड घामाने भिजली होती. "तीन वर्षं," ते म्हणाले. मग दाभण बोटांनी सरळ करू लागले. मला ते सहन होईना.

"आबा, पहिलं तेल मी लावलं."

त्यांनी डावा कान पुढे केला. मी पुन्हा सांगितले, मोठ्याने, त्यामुळे बांधावर अक्कालाही ऐकू गेले. मला वाटले, आता मार बसेल. आबांनी खिशातून पेन्सिल काढली.

"कोणतं तेल?"

"तिळाचं."

"किती?"

"एक वाटी. मग आणखी दोनदा, अर्धी अर्धी."

"गरम की गार?"

"कोमट."

"आणखी काही?"

"उटणं. आणि ओवाळलं."

'ओवाळले' हा शब्द त्यांनी लिहिला, क्षणभर त्याकडे पाहिले आणि खोडला. मग उठून त्यांनी खांबाच्या बुडाची माती उकरली. ती तेलाने भिजून लोण्यासारखी झाली होती, वाळवीचे एक घर नव्हते. तीन वर्षांच्या शनिवारांचे तेल हातभर खोल उतरले होते. "आणि शेंदूर म्हणजे शिसं," आबा स्वतःशीच पुटपुटले. "वाळवीला शिसं मानवत नाही." त्यांचा चेहरा पडलेला होता आणि डोळे मात्र चमकत होते. चाळीस खांबांत सर्वांत उत्तम राखला गेलेला खांब तो होता, ज्याला काहीही लावायचे नव्हते.

अक्का बांधावरून उतरून आली. "मी देखं व्हतं," ती मला म्हणाली. "तू तेल चोपडं, मी देखं. लाजाचं काय त्यात?" मग आबांकडे वळून, "भाऊ, तुम्ही त्याले दाभन टोचं?"

"टोचावं लागतं, अक्का. सरकारी काम आहे."

"देवले?"

"तो देव नाही, अक्का. तो बिनलेपाचा खांब आहे."

अक्काने त्या लालभडक, तेलाने निथळणाऱ्या, फुलांच्या माळा वाळलेल्या खांबाकडे पाहिले, आणि मग आबांकडे, जसे डोळ्यांच्या वैद्याकडे जायला हवे अशा माणसाकडे पाहावे तसे.

साहेब आला तो उन्हे तापल्यावर. त्याने परीक्षा देऊन मराठी शिकलेली होती आणि ती तो इस्त्री केल्यासारखी बोले. खिशातली सुरी उघडून तो चाळिसाव्या खांबाकडे निघाला, तर अक्का मध्ये उभी. "जोडा काढा." साहेबाने आबांकडे पाहिले, आबांनी जमिनीकडे. साहेबाने बूट काढले. तापलेल्या काळ्या मातीवर पायमोज्यांत, एक पाय उचलून दुसरा टेकवत, त्याने त्या खांबाला प्रदक्षिणा घातली. तसा त्याचा हेतू नसावा, पण बुडाची सर्व बाजूंनी पाहणी करायची तर दुसरा मार्ग नव्हता. पाहायला जमलेल्या लोकांना ते फार आवडले.

आबांनी सर्व काही खरे सांगितले. माझ्या वाटीसकट. साहेबाने शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे तेल आणि शेंदूर हे सर्वांत उत्तम औषध ठरले."

"दर आठवड्याला लावले तर, साहेब."

"आणि दर आठवड्याला कोण लावील? आपल्या जंगलांस कोसांचे कोस कुंपण आहे. आपण प्रत्येक खांबास देव नेमणार काय?"

आबांनी हा प्रश्न विचारात घेतला, हे मला त्यांच्या कपाळावरून कळले. शेवटी ते म्हणाले, "नाही, साहेब. तेवढ्या म्हशी नाहीत."

साहेब हसला नाही. निर्णय त्याने सौम्यपणे दिला. आबांचा लेप त्याला आवडला होता. चौथी ओळ डांबरतेलाच्या ओळीइतकीच घट्ट होती. पण बिनलेपाच्या खांबाशिवाय तो ते वर कळवू शकत नव्हता. नवा खांब पुरावा. त्याला कुणी हात लावू नये. "तो सडला की मला लिहा. मी कुठेही असलो, तरी आपला अहवाल मी वर पाठवीन." मग त्याने बूट हातात घेतले आणि टांग्यापर्यंत तसाच चालत गेला.

नवा खांब जुन्याच्या शेजारी, चार हातांवर पुरला. जुना काढण्याचे नाव घेणे शक्य नव्हते. आबांनी नव्या खांबावर स्वतःच्या वळणदार अक्षरांत पाटी लावली: 'हा देव नाही.' दुसऱ्या शनिवारी पाटीखाली नारळ फुटलेला होता.

"अक्का, पाटी वाचून दाखवली ना तुम्हाला?" आबा कळवळून म्हणाले.

"दखाडी. वाची दखाडी." अक्का अजिबात वरमली नाही. "मना घरना खुंटाले कोनी पाटी लावस का, हाऊ देव नही म्हनीसन? जो देव नहीच, त्याले सांगनं कशाले पडस?"

 आबांनी पाटी काढली. मग कुंपण घातले, तर कुंपणाला धागे बांधले गेले. कुंपण काढले, तर त्या जागेला नमस्कार होऊ लागले. आई चुलीपाशी बसून म्हणाली, "लोकांचे नवरे शेत पिकावं म्हणून झुरतात. माझा सडावं म्हणून."

शेवटी तोडगाही अक्कानेच सांगितला. तिला आबांविषयी खरी माया होती. हा भला माणूस नको त्या गोष्टीच्या मागे लागला आहे, एवढेच तिचे म्हणणे होते. "भाऊ, त्याले गधडं बांधा. गधडं बांधेल खांबले कोनी नारळ फोडस का?"

कुंभाराचे एक म्हातारे गाढव आणून नव्या खांबाला बांधले, आणि देवत्व त्याच दिवशी थांबले. आता आबांना वेगळी चिंता लागली. गाढवाच्या मुताने लाकूड लवकर सडेल की उलट टिकेल, हे कुणी तपासलेले नव्हते, आणि एका शंकेतून सुटताना दुसरी शंका अहवालात शिरायला नको होती. त्यांनी दोर लांब केला, म्हणजे गाढव दूर जाऊन उभे राही. तरी ते परत येऊन खांबाला पाठ घासे. वहीत नोंद झाली: 'घर्षण, दररोज. बहुधा निरुपद्रवी.' मी ठोकायला गेले की गाढव कान टवकारून माझ्याबरोबर ऐके. त्याचे ऐकणे आबांपेक्षा पुष्कळ चांगले होते.

पण काळाचीही काही चेष्टा असावी. त्या सालापासून पाऊस उणा झाला. कोरड्या मातीत काहीच सडेना. खांब 'गुरू' म्हणत राहिला. माझे लग्न झाले, तेव्हाही तो गुरूच होता. हळद लागण्याच्या आदल्या दिवशी आबांनी मला शेवटचे ठोकायला नेले होते. परत निघताना मी मागे वळले, तर जुन्या, शेंदरी खांबासमोर आई उभी होती. पदराआड तेलाची वाटी. तिने मला पाहिले नाही. ती हात जोडून त्या खांबाला अगदी स्पष्ट शब्दांत सांगत होती, की शेजारचा सडू दे, ह्यांच्या डोळ्यांदेखत सडू दे, तुला पाच शनिवार तेल घालीन. मी हे आबांना कधीही सांगितले नाही. त्यांना ते वहीत कुठे लिहावे हे ठरवता आले नसते.

जळगावला माझ्या सासरी आबांची पत्रे येत. त्यांचा मजकूर एकच: 'खांब उभा आहे. गाढव कुशल आहे. तुझ्या आईचा खोकला कमी.' पुढे: 'गाढव वारले. दुसरे आणले.' पुढे: 'आम्ही सेवेतून मुक्त झालो. खोली इथेच घेतली आहे, वावर पाहता येते.' साहेब विलायतेस परतला होता. खात्यातल्या नव्या माणसांना चाळीस खांब कशासाठी पुरले आहेत हेही आठवत नव्हते, आणि कुणाला आठवत नसल्यामुळेच ते कुणी उपटले नव्हते. अक्काच्या नातसुना आता शेंदूर आणत. चौथी ओळ अजून घट्ट होती. पत्राच्या तळाशी आबा विचारीत, 'तिकडे कडुलिंब बरा आहे ना?'

आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणींना न्यायला माहेरचे माणूस येते, आणि तो दिवस जवळ आला की प्रत्येक मुलीचा कान दाराकडे लागलेला असतो. त्या वर्षी चैत्रात दोन पाऊस अवेळी झाले होते आणि मागून वावटळी उठल्या होत्या. भर दुपारी मी पापड वाळत घालत होते. अंगणातल्या झोक्याची दोरी कुरकुरत होती. तेवढ्यात मला कडू, काळा, माझ्या लहानपणच्या भाकरीचा वास आला, आणि मान वर करण्याआधीच मला कळले की दारात कोण आहे.

आबा रेल्वेच्या धुळीने माखलेले उभे होते. काखेत जुनी वही होती, सुतळीने बांधलेली, वर विलायतेचा पत्ता लिहिलेला. सासूबाई आतून म्हणाल्या, "या व्याही, बसा, पाणी घ्या." आबांना ते ऐकू आले नाही. मी वाकून नमस्कार केला. तेही त्यांच्या ध्यानात आले नाही. त्यांनी खिशातून रुमालाची गाठ काढली, सोडली आणि माझ्या नाकापुढे धरली. तपकिरी भुगा होता, ओलसर, बोटाने दाबला की विरणारा. मी डोळे मिटून वास घेतला. ओली माती, आळंबी, जुन्या ग्रंथाचे पान. तेल नाही. शेंदूर नाही. गाढवसुद्धा नाही.

मी डोळे उघडले. आबांच्या पांढऱ्या मिशा हलत होत्या, गालांवरून पाणी ओघळत होते, आणि जसे ऐकू न येणारी माणसे बोलतात तसे, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात, ते मला म्हणाले,

"सडला!"